पहिला लागेना, दुसरा लागतो

परभणीत झेरॉक्स-प्रिंटआऊटचं दुकान म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे पेनड्राइव्ह हाताळणं. कृषी विद्यापीठातली पोरं थिसीस घेऊन येतात, लग्नसराईत फोटोग्राफर कॅमेऱ्याची कार्डं आणतात, कुणी सोसायटीचे हिशेब आणतं, कुणी नुसते नातवाचे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपमुळे हे सगळं बंद पडेल असं वाटलं होतं. पडलं नाही. थिसीस तर अजूनही पेनड्राइव्हवरच येते, कारण गाईड सरांनी दुरुस्त करून दिलेली नेमकी कोणती प्रत मोबाईलवरून गेली, याचा पोरांना स्वतःलाच भरवसा नसतो.

काउंटरवरच्या डेस्कटॉपवर विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट थांबवला. चार जीबी रॅमवर विंडोज १० टाकून पाहिलं, तर प्रिंटची कमांड द्यावी आणि चहा घेऊन यावं अशी गत. मागच्या टेबलावरचं डीटीपीचं मशीन विंडोजवरच ठेवणं भाग होतं. श्रीलिपी आणि कोरलड्रॉशिवाय लग्नपत्रिका निघत नाही. काउंटरवर मात्र फाईल उघडायची आणि प्रिंट मारायची, एवढंच काम. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत तिथं विंडोजऐवजी डेबियन नावाचं लिनक्स टाकलं, त्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप, कारण जुन्या मशीनवर तो हलका चालतो.

फायदा लगेच दिसला. शॉर्टकट व्हायरस आमच्या भागात अजून ठाण मांडून आहे. हा व्हायरस पेनड्राइव्हमधले खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. विंडोजवर माणसाला वाटतं सगळं गेलं. लिनक्समधला थुनार हा फाईल मॅनेजर पेनड्राइव्हवरच्या फॅट फॉरमॅटमधली ती 'लपवलेलं' ही खूण जुमानतच नाही, त्यामुळे खरे फोल्डर आणि खोटे शॉर्टकट शेजारीशेजारी दिसतात. एम.एस्सी.ची एक पोरगी रडकुंडीला येऊन उभी होती, तिला तिची सगळी प्रकरणं जागच्या जागी दाखवली. तेव्हापासून 'त्या दुकानात गेलेला डेटा परत येतो' अशी ख्याती झाली. ती मी खोडून काढायला गेलो नाही.

पण एक कुरबुर सुरुवातीपासून होती. पेनड्राइव्ह लावला की तो आपोआप जोडला जाऊन त्याची विंडो उघडायला पाहिजे. याला ऑटोमाउंट म्हणतात. आमच्याकडे ते कधी व्हायचं, कधी नाही. दुकानातला पोरगा दुपारी हाक मारायचा, "दादा, ह्ये लागना गेलंय." मी जाऊन बघेपर्यंत त्यानं डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक केलेलं असायचं आणि ड्राइव्ह उघडलेला असायचा. मग गिऱ्हाईक म्हणणार, "दुसऱ्या दुकानात तर लगेच उघडायलाय की." याला उत्तर नव्हतं.

अशा वेळी प्रत्येकाचं एकेक निदान तयार असतं. पोरगा म्हणायचा पोर्ट ढिला. शेजारचा मोबाईलवाला म्हणायचा ऊन. मे महिन्यात पत्र्याखाली मशीन चालणार तरी कसं? माझा पुण्याचा चुलतभाऊ फोनवरून म्हणाला, "लिनक्सला हे असंच असतं." तिघांत हे तिसरं निदान सगळ्यात कुचकामी, कारण त्यातून पुढं करण्यासारखं काहीच निघत नाही.

पोर्टचं आधी पाहिलं. कॅबिनेटच्या पुढचे यूएसबी पोर्ट आतल्या एका लांब वायरनं मदरबोर्डाला जोडलेले असतात. आमच्याकडची धूळ त्यात कायम भरलेली. ब्रशनं साफ केलं, मागचे पोर्ट वापरून पाहिले. तक्रार तशीच. म्हणजे पोर्ट निर्दोष.

मग जरा नीट बसलो. पेनड्राइव्ह लावण्यापासून विंडो उघडण्यापर्यंतचं काम एकाच प्रोग्रामचं नसतं. सरकारी कचेरीत फाईल जशी टेबलावरून टेबलावर सरकते, तसं ते सरकतं. पहिलं टेबल कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं: वायरीवर काहीतरी लागलं, ते साठवणुकीचं उपकरण आहे, त्यात इतके विभाग आहेत, हे तो ओळखतो. दुसरं युडेव्हचं: तो उपकरणाची नोंद करतो, त्यावर कोणती फाइलसिस्टिम (फायली मांडायची पद्धत) आहे, लेबल (ड्राइव्हला दिलेलं नाव) काय, हे वाचून ठेवतो. तिसरं युडिस्क्सचं: प्रत्यक्ष माउंट, म्हणजे जोडणं, हाच करतो, आणि तुम्ही लॉगिन केलेल्या नावाचा मीडियाखाली फोल्डर करून त्यात ड्राइव्ह जोडतो. चौथं पोलकिटचं: या माणसाला परवानगी आहे का, एवढंच तो सांगतो. आणि 'नवा ड्राइव्ह आलाय, तो जोडा' असा हुकूम डेस्कटॉपकडून येतो. एक्सएफसीईमध्ये हे काम थुनार-वॉलमन नावाचा छोटा प्रोग्राम जीव्हीएफएस या दुसऱ्या प्रोग्रामच्या मदतीनं करतो. फाईल कुठल्या टेबलावर अडली हे कळलं की अर्धं काम झालं. नाहीतर लोक काय करतात? शेवटच्या टेबलावर अडलेलं असतं आणि पहिल्या टेबलावरचा कर्नल बदलत बसतात.

हुकमाचं टेबल तपासायला सोपं. सेटिंगमध्ये 'रिमूव्हेबल ड्राइव्ह्ज अँड मीडिया' असं पान आहे. त्यात ड्राइव्ह लागताच माउंट करायची खूण असते आणि तिच्याजवळच लागल्यावर विंडो उघडायची वेगळी खूण. दोन्ही होत्या. थुनार-वॉलमनही चालू होता. बऱ्याच मशीनवर घोडं इथंच अडतं, आमच्याकडे नाही.

कर्नलचं बोलणं ऐकायला टर्मिनलमध्ये 'डीमेसेज -डब्ल्यू' लावून ठेवतात. पेनड्राइव्ह लावला की ओळी धावायला लागतात: नवं हाय-स्पीड यूएसबी उपकरण, कंपनीचं नाव, किती जीबी, आणि शेवटाकडे 'एसडीबी: एसडीबी१', म्हणजे ड्राइव्हचं नाव आणि त्यातला पहिला विभाग. ही ओळ आली म्हणजे कर्नलनं आपलं काम केलं. केबल किंवा पोर्ट खराब असेल तर इथंच 'एरर -७१' सारखं काहीतरी येतं आणि नाव येतच नाही. आमच्याकडे नाव दरवेळी येत होतं. शेजारच्या टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' दिलं की त्या नावापुढं फाइलसिस्टिम, लेबल, यूयूआयडी (त्या विभागाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि माउंट झाल्याची जागा दिसते. फाइलसिस्टिम दिसायची, लेबल दिसायचं, म्हणजे युडेव्हचं टेबलही पार. जागेचा रकाना तेवढा रिकामा.

गुंता सुटला तो एका गिऱ्हाइकामुळे. एक पोरगा दोन पेनड्राइव्ह घेऊन आला, एकात थिसीसचा मजकूर, दुसऱ्यात शेतातल्या प्लॉटचे फोटो. मजकुराचा लावला, नाही उघडला. तो तसाच ठेवून शेजारी फोटोंचा लावला, तो पटकन उघडला. मला वाटलं पहिला पेनड्राइव्हच खराब. दोन्ही काढले आणि उलट क्रमानं लावले. आता फोटोंचा उघडेना आणि मजकुराचा झटक्यात उघडला. पोराला घाई होती, बाइंडिंगवाला वाट बघत होता. त्याचे प्रिंट काढून दिले आणि त्याला लावलं वाटेला. डोक्यात मात्र ते घर करून राहिलं. ड्राइव्ह कोणताही असो, पहिला लागेना आणि दुसरा लागतो.

म्हणजे दोष क्रमात. 'एलएसबीएलके'नं ते उघड दाखवलं: पहिल्या लावलेल्याला एसडीबी हे नाव, दुसऱ्याला एसडीसी. मशीनमधली हार्डडिस्क एसडीए. ही नावं ज्या क्रमानं उपकरणं सापडतात त्या क्रमानं वाटली जातात. आज जो एसडीबी तो उद्या एसडीसी असू शकतो. मग या मशीनमध्ये असं कोण आहे ज्याला एसडीबी१ या नावाशीच देणंघेणं आहे?

आणखी एक खूण आधीपासून समोर होती. क्लिक करून उघडलेल्या पेनड्राइव्हचा पत्ता थुनारच्या पट्टीत '/मीडिया/यूएसबी०' असा यायचा. आपोआप लागलेल्याचा पत्ता '/मीडिया/' मग माझं लॉगिनचं नाव आणि मग पेनड्राइव्हचं लेबल. युडिस्क्सनं स्वतःच्या डोक्यानं जोडलेला ड्राइव्ह यूएसबी० अशा मोघम नावाच्या जागी जातच नाही. ही जागा कुणीतरी लिहून ठेवलेली होती, आणि माउंटच्या जागा लिहून ठेवायचं रजिस्टर एकच: ईटीसी या फोल्डरातली एफएसटॅब नावाची फाईल. उघडली. हार्डडिस्कच्या विभागांच्या ओळी यूयूआयडीनं लिहिलेल्या, त्याखाली सीडी ड्राइव्हची ओळ, आणि सगळ्यात खाली:

/डेव्ह/एसडीबी१  /मीडिया/यूएसबी०  ऑटो  आरडब्ल्यू,यूजर,नोऑटो  ०  ०

ही ओळ मी लिहिलेली नाही, पोरानंही नाही. ती डेबियनच्या इन्स्टॉलरनं लिहिली. आजकाल डेबियन सीडीवरून कोण टाकतं? पेनड्राइव्हवरूनच टाकतात. इन्स्टॉल चालू असताना तो पेनड्राइव्ह एसडीबी१ होता. इन्स्टॉलरनं त्याला सीडी ड्राइव्हच्या बरोबरीचं कायमचं उपकरण धरलं आणि रजिस्टरमध्ये नोंद करून टाकली. इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह निघून गेला, नोंद राहिली. पुढं जो कुणी पहिला लागेल त्याला एसडीबी१ हे नाव मिळणार, आणि त्याला ही नोंद लागू होणार. तिसऱ्या रकान्यातल्या 'ऑटो'नं फसू नये. तो रकाना फाइलसिस्टिमचा प्रकार ओळखण्यापुरता आहे. खरी मेख चौथ्या रकान्यातला 'नोऑटो': हे आपणहून जोडू नका, कुणी मागितलं तरच जोडा. क्लिक करणं म्हणजे मागणं, म्हणून क्लिक केल्यावर उघडायचा. सगळी टेबलं आपापल्या जागी नियमानं वागत होती. रजिस्टरमध्ये चुकीचा शेरा होता, एवढंच.

एफएसटॅबला हात लावायचा तर आधी त्याची नक्कल काढून ठेवायची, हे कुणीही सांगेल. मी ओळ पुसली नाही, सुरुवातीला रेघारेघांची हॅशची खूण टाकली. मग ती ओळ नुसती टीप होते. नंतर 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' दिलं, कारण मशीन चालू होताना सगळं सुरू करणारा सिस्टिमडी याच फाइलीवरून स्वतःच्या नोंदी बनवतो. मशीन एकदा बंद-चालू केलं. पहिला पेनड्राइव्ह लावला आणि विंडो उघडली. पोरगा म्हणाला, "बस, एवढंच होतं व्हय?"

एवढंच होतं.

एफएसटॅब उघडलाच होता, म्हणून बॅकअपच्या हार्डडिस्कची ओळही नीट करून घेतली. ती डिस्क रोज रात्री लागते, आणि ती ठरलेल्याच जागी लागावी म्हणून तिची नोंद मुद्दाम ठेवली आहे. तिथं एसडीबी-एसडीसी लिहायचं नाही, यूयूआयडी लिहायचा. तो फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही. आणि पर्यायांत 'नोफेल' हवाच. तो नसेल आणि सकाळी डिस्क न लावता मशीन चालू केलं, तर सिस्टिमडी दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन काळी स्क्रीन दाखवतो. दुकान उघडायच्या वेळी, शटरसमोर गिऱ्हाईक उभं असताना, ती काळी स्क्रीन बघायची हौस कुणाला असेल तर त्यानं 'नोफेल' गाळावा.

यानंतर जे ड्राइव्ह लागले नाहीत त्यांची कारणं निराळी निघाली, पण आता टेबल ओळखता येत असल्यामुळे वेळ जात नाही.

फोटोग्राफरांच्या कार्डांचं पहा. ३२ जीबीच्या वरची एसडी कार्डं एसडीएक्ससी प्रकारात मोडतात आणि ती एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. ऐन लग्नाच्या तिथीला एक फोटोग्राफर ६४ जीबीचं कार्ड घेऊन आला. कर्नलनं ओळखलं, नाव दिलं, पण माउंटच्या वेळी चौकट आली: 'अननोन फाइलसिस्टिम टाइप एक्सफॅट'. पाटी तीच, 'लागेना', पण हे आमच्या एफएसटॅबचं पाप नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅटचा तपशील ऑगस्ट २०१९ मध्ये खुला केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ५.४ कर्नलमध्ये त्याची सोय पहिल्यांदा झाली. आमचं डेबियन १०, त्याचा कर्नल ४.१९. त्याला एक्सफॅट ठाऊकच नव्हतं. 'एक्सफॅट-फ्यूज' हे पॅकेज टाकलं आणि कार्ड उघडलं. नव्या कर्नलवर ही भानगडच येत नाही, म्हणून कुणी जुनं डेबियन चालवत असेल त्यानेच हे लक्षात ठेवावं.

एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटची गोष्ट वेगळी, आणि ती गिऱ्हाइकाला पटवणं अवघड. एक्स्टर्नल हार्डडिस्क लागते, फायली उघडतात, पण त्यात नवीन काही टाकता येत नाही. 'जर्नलसीटीएल -एफ'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, पाहिलं तर एनटीएफएस हाताळणाऱ्या एनटीएफएस-३जी प्रोग्रामची ओळ: फाइलसिस्टिम अस्वच्छ अवस्थेत आहे, म्हणून फक्त वाचण्यापुरती जोडतोय. विंडोजवरून ती डिस्क सुरक्षित न काढता उपटलेली असते, किंवा विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं असतं. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे 'शटडाऊन' केलं तरी ते खरं शटडाऊन नसतं. लिनक्सला दिसतं की दुसऱ्या कुणाचं तरी काम अर्धवट आहे, म्हणून तो लिहायचं टाळतो. माझ्या मते हे शहाणपणाचं आहे. 'एनटीएफएसफिक्स' चालवून ती खूण पुसता येते, पण गिऱ्हाइकाच्या डिस्कवर मी ते करत नाही. मागच्या विंडोज मशीनला लावतो, 'चेकडिस्क' /एफ चालवतो, रीतसर इजेक्ट करतो, मग काउंटरवर आणतो. पाच-दहा मिनिटं जास्त जातात. कुणाच्या लेकीच्या लग्नाचे फोटो असतात त्यात.

इजेक्टवरून पोराशी रोज हुज्जत व्हायची. प्रगतीची पट्टी संपली म्हणजे फाईल पेनड्राइव्हवर गेली, असं त्याला वाटायचं. लिनक्स लिहिण्याचं बरंचसं काम आधी रॅममध्ये घेतो आणि सवडीनं खाली उतरवतो. फॅटच्या ड्राइव्हला युडिस्क्स 'फ्लश' हा पर्याय लावतो, त्यामुळे तिथं घाई केली जाते. एनटीएफएसच्या मोठ्या डिस्कला ती सोय नाही. घाईत उपटलेल्या पेनड्राइव्हची निशाणी पुढच्या वेळी डीमेसेजमध्ये मिळते: 'व्हॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड'. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्याअधिक ड्राइव्हवर ही ओळ उमटते. त्यात दोष कुणा एकाचा नाही, अख्खा जिल्हा पेनड्राइव्ह उपटतो.

मोठ्या हार्डडिस्कची टिकटिक ऐकू आली तर आधी विजेकडं बघायचं. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. पुढच्या पोर्टाला लांब वायरीतून जाताना तेवढंही धड पोहोचत नाही. मागच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या, पोर्टाला लावली की बहुतेक डिस्क शांत होतात.

शेवटचं टेबल पोलकिटचं, ते बऱ्याच उशिरा आडवं आलं. दुपारच्या उन्हात मी जेवायला घरी जातो तेव्हा पोरगा 'स्विच यूजर' करून त्याच्या नावानं बसतो. एकदा मी परत येऊन माझ्या लॉगिनवर आलो. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावलेलाच होता, थुनारमध्ये दिसत होता, आणि क्लिक केलं तर 'परवानगी नाही'. काढायला गेलो तर पासवर्ड मागितला. बिघाड काहीच नव्हता. ज्याचं सत्र स्क्रीनवर चालू असतं, त्यालाच पोलकिट बिनपासवर्ड माउंट करू देतो, आणि ज्यानं जोडला त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये तो बसतो. त्या फोल्डरात दुसऱ्याला पाऊल टाकता येत नाही. पोराच्या सत्रात लागलेला ड्राइव्ह पोराचा, मी दुकानाचा मालक असलो तरी.

नियम बदलून सगळ्यांना मोकळीक देता येते, तशी फाईल लिहायला दहा ओळी पुरतात. पण एकाच्या लॉगिनमधून दुसऱ्याने लावलेला लोकांचा ड्राइव्ह उघडावा, हे मला काउंटरवर नको आहे. म्हणून आता जाताना मी लॉगआऊट करतो. विसरलो तर पोरगा करतो, आणि माझी सेव्ह न केलेली हिशेबाची शीट त्यात जाते. त्यावरून मात्र आमचं अजूनही वाजतं.